डेटाइम सोपचा हेड रायटर बदलतो तेव्हा मालिकेचं काय होतं?

सांजवेळ

अमेरिकेत दुपारी लागणाऱ्या दैनिक मालिका, म्हणजे डेटाइम सोप, पाहणारं इथे कुणी आहे का? मी न्यू जर्सीत राहते आणि 'जनरल हॉस्पिटल' बरीच वर्षं नेमाने पाहते. एबीसी चॅनेलवर १ एप्रिल १९६३ला सुरू झालेली ही मालिका अजून चालू आहे. जानेवारी २०२४मध्ये तिचे दोन्ही हेड रायटर, डॅन ओ'कॉनर आणि ख्रिस व्हॅन एटन, यांना बाजूला करून पॅट्रिक मुलकेही आणि एलिझाबेथ कोर्टे यांना आणलं. त्याच वर्षाच्या मध्यावर मुलकेही गेले आणि व्हॅन एटन कोर्टेंच्या जोडीला परत आले.

मला मुलकेहींचे ते थोडे महिने फार आवडले होते. दोन माणसं एका खोलीत बसून मनातलं बोलताहेत आणि प्रसंग मध्येच तुटत नाहीये, असं बऱ्याच दिवसांनी पाहायला मिळालं. ते गेले आणि कथेची चाल पुन्हा बदलली. काही धागे घाईने गुंडाळले गेले, काही तसेच लोंबकळत राहिले. तेव्हापासून या विषयावर वाचते आहे, आणि मराठीत कुणी यावर बोललेलं दिसलं नाही म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना कामाची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हेड रायटर पुढच्या काही महिन्यांची मोठी कथा ठरवतो. ब्रेकडाउन रायटर तिचे दिवसवार तुकडे पाडतात: कुठल्या भागात कोण, कुठे, कशासाठी भेटणार. त्यावरून स्क्रिप्ट रायटर संवाद लिहितात. मग स्क्रिप्ट एडिटर सगळ्यांची भाषा एका सुरात आणतो. दर टप्प्यावर निर्माता आणि चॅनेल यांच्या सूचना असतातच. आठवड्याला पाच भाग, आणि सीझन संपला म्हणून चार महिने सुट्टी असला प्रकार नाही. करार सहसा तेरा-तेरा आठवड्यांच्या टप्प्यांचे, म्हणजे दर तीन महिन्यांनी नोकरी टांगणीला.

माझं म्हणणं असं की साठ वर्षं चाललेल्या मालिकेची खरी पुंजी म्हणजे तिची आठवण. कोणाचं कोणाशी काय झालं होतं, कोणी कोणाला माफ केलं नव्हतं, हे प्रेक्षकाला पाठ असतं. ते लेखकालाही पाठ हवं. तुम्हाला काय वाटतं?

कोकणकडा

उत्तम विषय. आमच्या पिढीला या मालिका केबलने दाखवल्या. नव्वदीच्या सुरुवातीला स्टार प्लसवर 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' आणि 'सांता बार्बरा' लागायच्या. दूरदर्शनच्या आठवड्याला एक भागाची सवय असलेल्या घरात रोज एक भाग म्हणजे चैनच होती.

'सांता बार्बरा'च्या लेखकांची हकिकत या धाग्यात यायलाच हवी. मालिका अमेरिकेत एनबीसी चॅनेलवर १९८४ ते १९९३ चालली. ती निर्माण केली जेरोम आणि ब्रिजेट डॉबसन या नवरा-बायकोने. ब्रिजेटचे आईवडील म्हणजे फ्रँक आणि डोरिस हर्स्ली, सांजवेळ यांच्या 'जनरल हॉस्पिटल'चे जनक. डॉबसन दांपत्याने आधी 'जनरल हॉस्पिटल', 'गायडिंग लाइट' आणि 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' लिहिल्या आणि मग स्वतःची मालिका उभी केली. पुढे हेड रायटरच्या प्रश्नावरून चॅनेल आणि निर्मिती कंपनीशी त्यांचं बिनसलं आणि १९८७मध्ये त्यांना त्यांच्याच मालिकेच्या स्टुडिओत पाऊल ठेवायला बंदी झाली. कोर्टकज्जे झाले आणि १९९१मध्ये ते परत आले. दोन वर्षांत मालिका बंद.

पण एक गोष्ट मला अजून विचारात पाडते. १९८८, ८९ आणि ९० अशी सलग तीन वर्षं सर्वोत्कृष्ट मालिकेचा डेटाइम एमी, म्हणजे दुपारच्या कार्यक्रमांचा मोठा पुरस्कार, 'सांता बार्बरा'ला मिळाला, आणि ही तिन्ही वर्षं डॉबसन बाहेर असतानाची. तेव्हाच्या लेखकांत पॅट्रिक मुलकेही होते. म्हणजे सांजवेळताई, तुम्हाला २०२४मध्ये जे संवाद भावले त्याच हाताचे संवाद आम्ही तीस वर्षांपूर्वी इकडे ऐकले आहेत.

सांजवेळ

कोकणकडा, मुलकेहींचा हा धागा जोडून दिलात, फार आनंद झाला. आणि डॉबसन बाहेर असताना मालिका बहरली याचं कारण मला असं दिसतं की माणसं तीच होती. खोलीतले संवादलेखक टिकले, त्यांना पात्रांचा आवाज माहीत होता.

उंबरठा

मी मुंबईत डेली सोपसाठी पटकथा लिहितो, म्हणून आतल्या बाजूने सांगतो. वर दिलेली पद्धत वाचून घरचंच वाटलं. आपल्याकडे श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी नावं येतात, कामाची वाटणी साधारण तशीच. कथा ठरते, वन-लाइन (प्रसंगांचा थोडक्यात आराखडा) जाते, चॅनेलचे क्रिएटिव्ह ती बदलतात, पटकथा जाते, ती परत बदलते, संवाद कधी कधी फ्लोअरवर कलाकार मेकअप करत असताना पोहोचतात. भागांची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग, संपलेली असली की विचार करायला उसंतच नसते.

लेखक बदलला की प्रेक्षक म्हणतात, नव्या लेखकाने वाट लावली. पण बहुतेक वेळा नवा लेखक येतो तेव्हा त्याच्या हातात ठरवून दिलेला ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, असतो. अमुक नायिकेला परत आणायचंय, तमुक कलाकाराचा करार संपतोय, टीआरपीच्या आठवड्यात लग्न हवंय. मी एका मालिकेत मध्येच रुजू झालो तेव्हा आधीचे भाग बघायला वेळ मागितला होता. उत्तर मिळालं, परवा शूट आहे. तेव्हा आठवण हरवते ती लेखकाच्या बेफिकिरीमुळेच असं धरू नका. तिकडे हे वेगळं असेल असं मला वाटत नाही.

सांजवेळ

उंबरठा, तुमचं म्हणणं पटतं, आणि तिकडेही हे जुनंच दुखणं आहे. तरी तिथे एक परंपरा होती, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

या सगळ्या प्रकाराची आई म्हणजे इर्ना फिलिप्स. १९३०मध्ये शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओवर तिने 'पेंटेड ड्रीम्स' लिहिली. मग १९३७मध्ये रेडिओवर 'द गायडिंग लाइट', जी १९५२मध्ये टीव्हीवर आली आणि २००९पर्यंत चालली. १९५६मध्ये 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स'. तिच्या हाताखाली दोन जण तयार झाले: अ‍ॅग्नेस निक्सन आणि विल्यम बेल. निक्सन कॉलेज संपवून नुकती बाहेर पडली होती. लिखाणाचं खूळ डोक्यातून जावं म्हणून वडिलांनी तिला इर्नाकडे नेलं, आणि इर्नाने तिथल्या तिथे कामावर घेतलं. पुढे निक्सनने 'वन लाइफ टू लिव्ह' (१९६८) आणि 'ऑल माय चिल्ड्रन' (१९७०) निर्माण केल्या. बेलने 'डेज ऑफ अवर लाइव्हज' सावरली आणि १९७३मध्ये पत्नी ली फिलिप बेलसोबत 'द यंग अँड द रेस्टलेस' आणली.

बेल १९९८पर्यंत स्वतः हेड रायटर होते. एकाच माणसाने पंचवीस वर्षं! ते बाजूला झाले तेव्हा जागा केय आल्डनला मिळाली. ही बाई संशोधन करताना प्रबंधासाठी बेलची मुलाखत घ्यायला आली होती आणि १९७४मध्ये त्यांच्याकडेच लिहू लागली. म्हणजे सूत्र हाती येईपर्यंत तिला मालिकेतल्या गावातल्या प्रत्येक घराचा इतिहास ठाऊक होता. मला हाच बदल करण्याचा खरा मार्ग वाटतो. २००६मध्ये मात्र तिथे प्राइमटाइममधून, म्हणजे रात्रीच्या मालिकांतून, लिन मरी लॅथम आल्या आणि २००७च्या अखेरीस गेल्या. त्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत मरिया अरिना बेल, जॉश ग्रिफिथ, शेली ऑल्टमन, जीन पासानान्ते, चक प्रॅट, सॅली सस्मन, मॅल यंग आणि पुन्हा जॉश ग्रिफिथ. आता मोजा. आणि याच घराण्याची 'बोल्ड अँड द ब्यूटिफुल' बघा, नव्वदीपासून ब्रॅडली बेल हेच मुख्य सूत्रधार. त्यांच्या कथा गोल गोल फिरतात ही तक्रार मीही करते, पण तिथलं पात्र काल एक आणि आज भलतंच असं वागत नाही.

खारावारा

माझा थोडा वेगळा सूर. 'आतला माणूस' हे उत्तर इतकं सरळ नाही.

हार्डिंग लेमे १९७१मध्ये 'अनदर वर्ल्ड'चे हेड रायटर झाले तेव्हा त्यांनी सोप कधी लिहिलं नव्हतं. ते नाटककार, प्रकाशन व्यवसायातले. सुरुवातीला सल्लागार म्हणून खुद्द इर्ना फिलिप्स त्यांच्यासोबत होती. दोघांची पद्धत अगदी निराळी. लेमे यांनी पात्रांच्या वर्गभेदावर, आईवडिलांच्या दुखावलेपणावर, लग्नातल्या एकटेपणावर लिहिलं. १९७५मध्ये तासाभराची होणारी ही पहिली दैनिक मालिका, आणि १९७९मध्ये चॅनेलने ती दीड तासाची केली. त्याच वर्षी लेमे बाहेर पडले. आठ वर्षांच्या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिलं, 'एट इयर्स इन अनदर वर्ल्ड'. लेखक, निर्माता, चॅनेल, प्रायोजक यांच्यात रोज काय ओढाताण चालते ते त्याहून नीट मी कुठे वाचलेलं नाही. पुढे त्या दीड तासाने लेखकांना इतकं पिळून काढलं की सुमारे दीड वर्षात मालिका पुन्हा तासावर आली.

आणि 'जनरल हॉस्पिटल'? १९७७च्या सुमारास ती बंद पडायच्या बेतात होती. १९७८मध्ये ग्लोरिया माँटी निर्माती म्हणून आली आणि हेड रायटर डग्लस मार्लंड. तिने प्रसंगांची गती वाढवली, जुनी पद्धत मोडली. १९८१च्या नोव्हेंबरमध्ये ल्यूक आणि लॉरा या पात्रांचं लग्न सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिलं. आठवणीच जपत बसले असते तर ती मालिका आज तुम्हाला बघायला मिळाली नसती. लेखक जेम्स राइली यांचंही तेच. 'डेज ऑफ अवर लाइव्हज'मध्ये त्यांनी मार्लेना या पात्राच्या अंगात सैतान संचारलेला दाखवला, १९९४-९५ची गोष्ट. जुन्या प्रेक्षकांनी नाकं मुरडली आणि तरुण प्रेक्षक धावत आले.

सांजवेळ

खारावारा, तुम्ही मार्लंडचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. मोडतोड आणि अनादर यांतला फरक त्या माणसाला कळत होता.

मार्लंड १९८५मध्ये 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स'चा हेड रायटर झाला आणि १९९३मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. त्याने नव्या लेखकांसाठी काही नियम सांगून ठेवले, सोपच्या चाहत्यांमध्ये ते आजही सांगितले जातात. आधी मालिका पाहा. तिचा इतिहास शिका. पहिले सहा महिने कुणालाही काढू नका. मूळ पात्राचा स्वभाव मनाला येईल तसा बदलू नका. नवी पात्रं हळूहळू रुजवा. माणसं बदलायचीच असतील तर आधी आपल्याच संस्थेत शोधा. त्याने स्वतः हे पाळलं. शेतकऱ्यांचं स्नायडर घराणं त्याने मालिकेत आणलं, तेही जुन्या ह्यूज घराण्याला न ढकलता, लिली या पात्राच्या जन्माच्या कथेतून सावकाश शिरवून. नवं आणलं आणि जुन्याची किंमत वाढली.

आता याच्या उलट जे झालं ते सांगते, आणि ते सांगताना मला आजही संताप येतो.

'ऑल माय चिल्ड्रन'मध्ये १९७३ साली एरिका केनने गर्भपात केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य करणारा 'रो विरुद्ध वेड' निकाल दिला त्याच वर्षी, दुपारच्या मालिकेत, मुख्य पात्राने, आपल्या करिअरसाठी घेतलेला कायदेशीर निर्णय. अ‍ॅग्नेस निक्सनचं धाडस होतं ते. हीच निक्सन, जिने १९६२मध्ये 'गायडिंग लाइट'मध्ये बर्ट बाउअरच्या गर्भाशयाच्या कर्करोगाची कथा लिहिली होती. प्रायोजक आणि चॅनेलने 'कॅन्सर' आणि 'गर्भाशय' हे शब्दच उच्चारायला मनाई केली, आणि तिने ते शब्द न वापरता बायकांना तपासणी करून घ्यायला सांगितलं.

आणि २००५-०६मध्ये मेगन मॅकटॅव्हिशच्या लेखनकाळात काय दाखवलं? तो गर्भपात झालाच नव्हता. डॉक्टरने तो गर्भ चोरून आपल्या बायकोच्या पोटात ठेवला होता, आणि आता तो तीस वर्षांचा तरणाबांड मुलगा होऊन दारात उभा आहे. वैद्यकशास्त्र बाजूला ठेवा. एका बाईने विचार करून घेतलेला निर्णय, ज्याच्याशी हजारो प्रेक्षक बायकांनी आपलं आयुष्य ताडून पाहिलं होतं, तो पुसून टाकला. निक्सन तेव्हा हयात होती. ती २०१६मध्ये गेली.

मार्लेनाच्या अंगातला सैतान मी सहन करेन, कारण त्याने आधीचं काही खोटं ठरत नाही. हे नाही.

मुक्कामपोस्ट

सांजवेळ, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मी फक्त 'बोल्ड' पाहिलेली, पण एरिकाची ही कथा वाचून सुन्न झाले.

उंबरठा

एरिकाबद्दल पूर्ण सहमत. इथे मी 'चॅनेलचा दबाव' म्हणून लेखकाची बाजू घेणार नाही. असा ट्रॅक कुणीही सुचवला तरी तो लिहायचा की नाही हे शेवटी आपल्या हातात असतं. पण मग पुढचा प्रश्न येतो, नाही म्हणणाऱ्या लेखकाचं काय होतं? तेरा आठवडे संपले की तो घरी.

पश्चिमवारा

लॉस एंजलिसहून. संपांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण सोपच्या लेखकमंडळात सर्वांत विचित्र बदल संपाच्या काळात होतात.

रायटर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेचा संप ५ नोव्हेंबर २००७ला सुरू झाला आणि १२ फेब्रुवारी २००८ला मिटला. प्राइमटाइमच्या मालिका थांबल्या, जुने भाग लागले. दुपारच्या मालिका थांबत नाहीत. जुने भाग दाखवण्याची तिथे पद्धतच नाही, आणि प्रेक्षक एकदा सवय मोडून गेला की परत येत नाही ही चॅनेलची धास्ती. मग लिहिणार कोण? निर्माते, ऑफिसातली माणसं, गिल्डबाहेरचे लेखक. आणि काही गिल्डमधलेच, ज्यांनी 'फायनान्शियल कोअर' हा पर्याय घेतला. यात पूर्ण सदस्यत्व सोडायचं, गिल्डला ठरावीक रक्कम भरत राहायची, आणि संपात काम करायची मुभा मिळवायची. हा निर्णय मागे घेता येत नाही. संपानंतर गिल्डने अशा २८ जणांची नावं जाहीर केली, त्यांत सोपचे लेखक बरेच होते. तेव्हाच्या जखमा या छोट्या धंद्यात अजून भरलेल्या नाहीत.

२०२३मध्ये पुन्हा तेच. २ मे ते २७ सप्टेंबर, १४८ दिवस. पुढे नटांचाही संप झाला, पण सोपचे कलाकार वेगळ्या करारात येतात, त्यामुळे ते कामावर होते. म्हणजे सेट चालू, कलाकार हजर आणि नेहमीचे लेखक बाहेर फाटकाशी.

उंबरठा

पश्चिमवारा, आभार. फायनान्शियल कोअर घेणाऱ्यांवर मी राग धरू शकत नाही, आणि त्यांचं समर्थनही करवत नाही. सोपचा लेखक प्राइमटाइमवाल्यासारखा साठवून ठेवू शकत नाही. आणि ज्या मालिकेवर बंद पडण्याची टांगती तलवार आहे तिथे संप केला तर परतायला मालिकाच उरणार नाही, ही भीती खरी होती. २००९मध्ये 'गायडिंग लाइट' गेली, २०१०मध्ये 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स', २०११मध्ये 'ऑल माय चिल्ड्रन' आणि जानेवारी २०१२मध्ये 'वन लाइफ टू लिव्ह'. तरीही फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याची खुर्ची आपण घ्यायची? मला झोप लागली नसती.

मुक्कामपोस्ट

एक विचारू? लेखक बदलल्याची बातमी येते, पण पडद्यावर फरक नेमका कधी दिसतो? श्रेयनामावलीवरून कळतं का?

पश्चिमवारा

मालिकेवर अवलंबून. 'जनरल हॉस्पिटल'चं चित्रीकरण प्रसारणाच्या काही आठवडेच आधी होतं, त्यामुळे बदल लवकर दिसतो. 'डेज' सप्टेंबर २०२२मध्ये एनबीसीवरून पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर गेली, आणि तिची बँक फार मोठी, सहा महिन्यांहून जास्त. २०२४मध्ये रॉन कार्लिवाती यांना काढल्याची आणि पॉला क्विकली व जिनी मरी फोर्ड आल्याची बातमी आली, पण कार्लिवातींचं लिखाण २०२५ उजाडल्यावरही दिसत होतं. त्या सगळ्या महिन्यांत लोक नव्या लेखिकांना जुन्या कथेबद्दल बोल लावत होते. नावं बदलेपर्यंत कुणालाही दोष देऊ नका, आणि बदलल्यावरही थोडे आठवडे थांबा, कारण नव्या हेड रायटरला आधी दुसऱ्याच्या अर्धवट कथा मिटवाव्या लागतात.

कोकणकडा

'बियाँड द गेट्स' कुणी पाहतंय का? २४ फेब्रुवारी २०२५ला सीबीएस चॅनेलवर सुरू झाली. १९९९च्या 'पॅशन्स'नंतर अमेरिकेच्या मोठ्या चॅनेलवर आलेली पहिली नवी दैनिक सोप.

सांजवेळ

मी पाहते, आणि आवर्जून पाहा असं सांगेन. मिशेल व्हॅल जीन ही तिची निर्माती आणि हेड रायटर. 'जनरेशन्स', मग 'जनरल हॉस्पिटल', मग 'बोल्ड', अशी अनेक दशकं दुसऱ्यांच्या कथांना संवाद लिहिल्यावर तिला स्वतःचं गाव वसवायला मिळालं. वॉशिंग्टनजवळच्या मेरीलँडमधलं श्रीमंत कृष्णवर्णीय घराणं केंद्रस्थानी आहे. मालिका सुरू झाली तेव्हा जोडीला बॉब गुझा होते, 'जनरल हॉस्पिटल'चे जुने हेड रायटर.

मला त्यात सगळ्यात काय भावलं सांगू? पहिल्याच भागापासून या माणसांना भूतकाळ आहे. जुनी भांडणं अर्ध्या वाक्यात येऊन जातात, कुणी समजावून सांगत बसत नाही. ती इर्नाच्या शाळेतली शिस्त आहे. उंबरठा, तुम्ही पटकथेच्या नजरेने पहिला आठवडा पाहा आणि इथे लिहा. त्या घराण्यातली डानी आणि तिच्या घटस्फोटित नवऱ्याचे प्रसंग कसे बांधलेत, त्याबद्दल तुमचं मत वाचायचंय.

उंबरठा

या शनिवारी बसतो. पाचही भाग सलग बघून लिहितो.